दिव्याला चिकटपट्टी

बसू नकोस, उभाच राहा. बसलास की तुझं डोकं चालायचं थांबतं, हे मी तुला नववीत असतानाच ओळखलं होतं. आता पोरं तुला सर म्हणतात, संस्थेचा जमाखर्च तुझ्या हाताखाली आहे, संचालक तुझ्याशी अदबीनं बोलतात. ते सगळं बाहेर. या पडवीत तू माझा विद्यार्थी आहेस आणि आज तुझे कान उघडायचे आहेत. संस्थेचं नाव मी घेणार नाही. जोयडा तालुक्यात माणसं मोजकी, नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत रामनगरपासून कुंभारवाड्यापर्यंत पोचेल. शिवाय तू एकटाच नाहीस. कचेऱ्या, पतसंस्था, शाळा, दवाखाने, सगळीकडे टेबलाखाली तुझ्यासारखंच एकेक पाप झाकून ठेवलेलं आहे.

सोमवारी मी पासबुक भरून घ्यायला आलो. काउंटरवर पुठ्ठा टेकवलेला, त्यावर कानडीत आणि खाली मराठीत: सर्व्हर नाही. माझ्यापुढे डिग्गीकडची एक म्हातारी उभी होती. पहाटे जंगलातून चालत रस्त्याला आलेली, मग बस, मग इथे. तिला कर्ज फिटल्याचा दाखला हवा होता. तुझ्या पोरानं मान वर न करता तिला सांगितलं, "सर्व्हर इल्ला, अज्जी. नाळे बा." म्हणजे उद्या ये. म्हातारीनं विचारलं, "रजेवर गेलाय का तो? कधी येणार?" सगळे हसले. तूही हसलास, काचेच्या आतून. मी पाहिलं.

हसण्यासारखं काय होतं त्यात? तिनं नेमका प्रश्न विचारला होता. कधी येणार? त्याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

मग मी म्हटलं, दाखव तुझा सर्व्हर. तू कां-कू करत आत नेलंस. काय दिसलं तिथे? रद्दीच्या गठ्ठ्यांमागे, जमिनीपासून चार बोटांवर, प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवलेला काळा डबा. वर हळदीकुंकू, मागच्या दसऱ्याचं. मागच्या जाळीत पालीची दोन अंडी. शेजारी यूपीएस, त्याची बॅटरी इतकी फुगलेली की झाकण बसत नव्हतं, म्हणून वर विटेचा तुकडा. आणि डब्याच्या तोंडावर, जिथे तीन डिस्कचे तीन दिवे असतात, तिथे मधल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी.

मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "सर, तो पिवळा दिवा सारखा लुकलुकायचा. गणपतीपासून. पोरांना त्रास व्हायचा."

त्रास व्हावा म्हणूनच तो लुकलुकतो, मूर्खा! बनवणाऱ्यानं तो रोषणाईसाठी लावलेला नाही. गणपतीपासून आजवर तो एकच वाक्य बोलत होता: माझी एक डिस्क मेली आहे, दुसरी आणा. तुम्ही त्याच्या तोंडावर पट्टी लावलीत. भोंगा वाजत होता, तोही बंद केलात. ज्याला ओरडायच्याच कामासाठी ठेवलंय त्याचं तोंड बांधायचं आणि मग म्हणायचं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आणि वर मला काय शिकवतोस? "सर, रेड आहे. एक डिस्क गेली तरी चालतं." चालतं, बरोबर. एक गेली तरी चालतं, दुसरी जाईपर्यंत. तुझ्या यंत्रात तीन डिस्क आहेत, रेड पाचची मांडणी. तिघींवर मिळून माहिती अशी पसरलेली असते की एक गेली तर उरलेल्या दोघींच्या हिशेबातून तिचा भाग काढता येतो. दुसरी गेली की हिशेब संपला. तिघी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या. तिघींनी सारखेच तास फिरून काढले. एक म्हातारी होऊन गेली, तर तिच्या जुळ्या बहिणी अजून तरण्याताठ्या आहेत असं तुला कुणी सांगितलं? नवी डिस्क घातलीस की उरलेल्या दोघींना टोकापासून टोकापर्यंत वाचून काढावं लागतं. नेमक्या त्याच कष्टात दुसरी मान टाकते. म्हणून डिस्क बदलण्याआधी सगळ्याची नक्कल घ्यायची असते. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे शंभर वेळा लिहून आण. कुणी चुकून नोंद पुसली तर रेड तीही इमानानं, सगळ्या डिस्कवरून पुसतं.

बॅकअप कुठाय म्हटल्यावर तू छाती फुगवलीस. सर्व्हरच्याच डोक्यावर, त्याच हळदीकुंकवाशेजारी, वायरीनं कायमची जोडलेली बाहेरची डिस्क. रोज रात्री अकराला आपोआप होतो म्हणालास. मी म्हटलं, नोंदवही उघड. शेवटचा यशस्वी बॅकअप चौदा महिन्यांपूर्वीचा. डिस्क भरली होती. त्यानंतर रोज रात्री अकरा वाजता ते बिचारं सॉफ्टवेअर उठत होतं, जागा नाही म्हणून लिहीत होतं आणि झोपत होतं. चौदा महिने त्यानं लिहिलं, तुम्ही एकदाही वाचलं नाही.

तुझ्याहून हुशार माणसांनीही हे केलंय, आणि ते जगाला माहीत आहे. गिटलॅब नावाची कंपनी आहे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं काम सांभाळणारी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या एका माणसानं चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे तीनशे जीबी गेले. मग बॅकअप शोधायला गेले. पाच वेगवेगळ्या तऱ्हा लावून ठेवल्या होत्या, वेळेला एकही कामाची निघाली नाही. एक तर कित्येक दिवस बंदच होती, कारण सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या जुळत नव्हत्या. ती बिघडल्याचे ईमेल निघत होते, पण पलीकडचा दरवाजा ते परतवून लावत होता, म्हणून कुणाला मिळालेच नाहीत. सहा तासांपूर्वी एका अभियंत्यानं भलत्याच कामासाठी घेतलेली नक्कल सापडली, तिनं त्यांना तारलं. तरी सहा तासांचं काम गेलं. पण त्यांच्यात आणि तुझ्यात एक फरक आहे, तो ऐक. त्यांनी हे सगळं आपल्या हातानं लिहून चारचौघांत मांडलं. तू पट्टी लावलीस.

मग मी म्हटलं, जाऊ दे, चौदा महिन्यांपूर्वीचा का होईना, त्यातून एक खातं उघडून दाखव. माझंच. मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या मार्चअखेरीची शिल्लक. तू तासभर खटपट केलीस. फाइल होती, नाव होतं, तारीख होती. आत शून्य. तेव्हा तुझा चेहरा पडला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. निदान तेवढी लाज तरी उरलीय म्हणून.

कुणबी बाईकडून शीक रे. कंद खातात, विकतात, पण बेणं वेगळं काढतात. सगळं बेणं एकाच खड्ड्यात ठेवत नाहीत. काही घरात, काही शेजारणीकडे, काही माहेरी दिलेलं. यंदा तुझं कुजलं तर माझ्याकडून ने. आणि बेणं चांगलं आहे की नाही हे नुसतं बघून त्या सांगत नाहीत, लावून बघतात. कोंब आला तर बेणं. नाहीतर ती गुरांची वैरण. तुझी ती डिस्क वैरण आहे.

आता म्हणशील, सर, इतक्या आडगावात कोण येतंय आमचा सर्व्हर मोडायला? अरे, इथे मोडायला माणूस लागतच नाही. जूनमध्ये पाऊस लागला की तारांवर झाडं पडतात, वीज दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. सुप्याचं धरण आपल्या उरावर उभं आहे, १०१ मीटर उंच. काळी नदीच्या पाण्यावर होणारी वीज कुठल्या कुठे जाते, आणि आपण मेणबत्त्या लावून बसतो. ते रडगाणं असू दे, मीही गायलोय. पण तुझ्यापुरता अर्थ काढ. जुनं यंत्र चालू असतं तोवर चालतं. दोन दिवस बंद पडून गार झालं, दमट हवा प्यायलं, की उठताना दगा देतं. त्याआधी वळवात वीज कडाडते, टेलिफोनच्या तारेतून आत शिरते आणि पेटीतलं काय काय जाळून जाते. अर्थिंग कधी तपासलंस? अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी ओतलंस? नाही ना? तुला खड्डा कुठाय हे तरी माहीत आहे का?

आणि रस्ता. २०२१ च्या जुलैत अणशी घाटात दरडी आल्या आणि कारवारची वाट बुजली. त्याच दिवसांत तिकडे चिपळूण पाण्याखाली गेलं, २२ जुलैला. तुझा देखभालीचा ठेकेदार बेळगावहून येतो. "उद्या येतो" म्हणतो. घाट बंद, पूल पाण्यात, फोन मुका, अशा दिवशी त्याचं उद्या कधी उगवतं?

पुलाचं निघालंच म्हणून सांगतो. आपली काळी उगवते डिग्गीच्या रानात आणि समुद्राला मिळते कारवारला, सदाशिवगडाखाली. तिथला जुना पूल, चाळिशी ओलांडलेला, ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक पाण्यात गेला, चालकाला लोकांनी वाचवलं. सकाळी गोव्याची वाट कायमची तुटली का? नाही, कारण शेजारी नवा पूल उभा होता. तपासणी करून वाहतूक त्यावर घातली. जुना अजून चालतोय म्हणून नवा बांधलाच नसता तर? तुझं यंत्र दहा वर्षांचं होत आलं. तुला कितीदा म्हटलं, नवं घे. तुझं उत्तर ठरलेलं: "सर, अजून चालतंय की." तो पूलही आदल्या रात्रीपर्यंत चालत होता.

तुझ्या यंत्रावर विंडोज सर्व्हर २०१२ आहे. जादा पैसे भरून मुदत वाढवून घेतली नसेल, आणि तुम्ही ती घेतलेली नाही, तर १० ऑक्टोबर २०२३ नंतर त्याची डागडुजी बंद झाली. म्हणजे चोराला नवी फट सापडली तर ती बुजवणारं कुणी नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभर यंत्रं कुलूपबंद केली, तेव्हा फट बुजवायचं औषध येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी लावलं नाही ते अडकले. तुला तर आता औषधच मिळत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर असाच घाला पडला. एवढं मोठं रुग्णालय, दोनेक आठवडे केसपेपर हातानं लिहीत होतं. माहिती परत मिळाली ती एका बॅकअप सर्व्हरवरून, जो हल्ल्यातून सुटला होता. सुटला होता, लक्षात घे. तुझी डिस्क सर्व्हरला कायमची चिकटलेली. सर्व्हरला कुलूप लागलं की त्याच मिनिटाला तिलाही लागणार. किल्ल्यांचा जुडगा दाराच्या कडीला लटकवून गावाला जाणारा माणूस आणि तू, दोघांत फरक काय?

आणि ती फुगलेली बॅटरी. हसू नकोस. दक्षिण कोरियात देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथे यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. बॅटऱ्यांची हमीची दहा वर्षं उलटून गेली होती. ७०९ सरकारी यंत्रणा बंद. सरकारी नोकरांच्या फायली जिथे साठवायचे, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली, आणि तिची दुसरीकडे नक्कल नव्हती. कारण काय दिलं? माहिती फार मोठी होती, म्हणून नक्कल ठेवली नाही. ज्याच्या देशात जगाला पुरतील एवढ्या मेमरी चिप बनतात, तो हे बोलतो! तुझी बॅटरी शिशाची आहे, ती तशी पेटत नाही, पण आम्ल गळून खालची वायर खाते. आजच्या आज ती वीट काढ आणि बॅटरी बाहेर ने.

मान खाली घालू नकोस. कान इकडे कर, आता काय करायचं ते सांगतो. वही काढ.

आधी संचालक मंडळापुढे दोन प्रश्न ठेव, तुझ्या इंग्रजी आद्याक्षरांशिवाय. एक: यंत्र मेलं तर किती तासांच्या नोंदी गेलेल्या तुम्हाला चालतील? दोन: किती तासांत काउंटर उघडायला हवा? ते म्हणतील, एकही नोंद जाता कामा नये आणि लगेच उघडायला हवा. मग त्याची किंमत सांग. मग ते खाली उतरतील. एक दिवसाच्या नोंदी आणि एक दिवस बंद, इथपर्यंत येतील. ते लिहून घे, सह्या घे. अध्यक्षांच्या केबिनला एसी बसवला तेव्हा ठराव एका बैठकीत झाला होता, मला माहीत आहे. पैसे नाहीत हे मला सांगू नकोस.

नवं यंत्र घेशील तेव्हा जुनं फेकू नकोस. मार्चअखेरीला हात घालू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. दिवाळीनंतरचा शांत पंधरवडा बघ. सगळं नव्यावर उतरव, आठवडाभर दोन्ही शेजारी-शेजारी चालव, रोज संध्याकाळी दोघांची बेरीज ताडून बघ. पैशाचा फरक आला तरी थांब. पुसून टाकू नकोस, शोध. जुळल्यावर जुनं बंद करून चार महिने कपाटात ठेव. आणि टेबलाखाली नव्हे, जमिनीपासून कमरेएवढं वर, भिंतीपासून सुटं, जिथे पागोळी पडत नाही.

नकला तीन. एक कामाची, एक इमारतीतच पण वेगळ्या साठवणीवर, एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे शेजारच्या गल्लीत तुझ्या मेव्हण्याकडे नव्हे. त्याच तारेवर, त्याच नदीच्या काठाला ठेवलेली नक्कल एकाच पुरात जाते. बेळगाव घे, धारवाड घे, काळीच्या खोऱ्याच्या बाहेर. नेट मंद आहे म्हणशील. मान्य. पहिली पूर्ण नक्कल डिस्कवर कुलूपबंद करून माणसाच्या हाती बसनं पाठव, त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेलं तेवढं जाऊ दे. ते थोडंसं असतं, जातं. बसमध्ये डिस्क हरवली तरी उघडता येणार नाही अशी ती संकेतबद्ध असली पाहिजे. आत लोकांचे आधार क्रमांक आहेत, तुझे नव्हेत. दोन डिस्क आळीपाळीनं वापर. जी वापरात नाही ती वायरीपासून तोडून लोखंडी कपाटात. तिला कुठलाही चोर लांबून हात लावू शकत नाही.

पासवर्ड. बदली होऊन शिरसीला गेलेल्या पोराच्या डोक्यात होता म्हणालास. म्हणजे संस्थेची तिजोरी हल्ली शिरसीत असते? सगळे पासवर्ड कागदावर लिही, पाकिटात घाल, लाखेनं बंद कर, तिजोरीत ठेव. पाकीट फोडलं तर कधी, कुणी, कशाला, हे वहीत.

आणि कागद. तुम्हा संगणकवाल्यांना कागदाची लाज वाटते. रोज संध्याकाळी शिल्लकेची यादी छापून फाइलला लाव. यंत्र बंद पडलं तर छापील पावत्यांवर दोन दिवस काउंटर चालला पाहिजे, त्या पावत्या आत्ताच छापून घे. म्हातारीला दाखला त्या यादीवरूनही देता आला असता. त्याच्यासाठी सर्व्हर लागत नव्हता, माणूस लागत होता.

तुझ्या आजोबांचं घर सुप्यात होतं ना? काळी आणि पांढरी जिथे मिळायच्या त्या गावात. तालुक्याचं गाव होतं ते, आज धरणाच्या तळाशी आहे. धरण १९८७ ला पुरं झालं, कचेरी जोयड्याला आली, विस्थापित रामनगरला वसले. आजोबांकडे अजून जमिनीचे जुने कागद आहेत, पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेले. मी पाहिलेत. त्यांचं गाव बुडालं तरी कागद कोरडे आहेत. तुझं काहीच बुडालेलं नाही आणि तुझ्याकडे शून्याची फाइल आहे.

इंद्रायणीतून तेरा दिवसांनी तुकोबांची गाथा कोरडी वर आली, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि हात जोडतो. मीही जोडतो. पण संताजी जगनाड्यांनी अभंग उतरून ठेवले होते आणि गावोगाव लोकांना ते तोंडपाठ होते, हेही तीच परंपरा सांगते. तू बघ, तुझ्या संस्थेत संताजी कोण आहे. तुझ्या हार्डडिस्कसाठी पांडुरंग तेरा दिवस पाण्यात उभा राहायचा नाही.

बॅकअप घेतो, हे वाक्य यापुढे माझ्यासमोर उच्चारू नकोस. परत आणून दाखवला तरच तो बॅकअप. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दुसऱ्या यंत्रावर, आणि दर वेळी वेगळ्या माणसानं. तुला ताप आलेला असताना तुझ्या त्या "नाळे बा" म्हणणाऱ्या पोराला जमलं पाहिजे. जमलं की नाही, किती वेळ लागला, कुठे अडलं, हे तारखेसह वहीत. त्या वहीवर संचालकाची सही.

येत्या शनिवारी काउंटर बंद झाल्यावर मी येतोय. नवीन डिस्क आणून ठेव, पण घालण्याआधी सगळ्याची नक्कल काढ. मग दुसऱ्या यंत्रावर माझ्या खात्याची मार्चअखेरीची शिल्लक उघडून दाखव. माझ्या पासबुकात ती लिहिलेली आहे, मी ताडून बघणार. दाखला कागदावर टंकून म्हातारीला उद्या तू स्वतः नेऊन दे, डिग्गीची बस कितीला सुटते ते तुला माहीत असेलच.

आणि आत्ता इथून गेल्याबरोबर, घरी जायच्या आधी, ती चिकटपट्टी काढ.